पावसात प्लेटलेट उतरले, म्हणजे डेंग्यूच का?

पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार.

आम्ही देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. घरी सासरे, सासूबाई, मी आणि दोन मुलं. यजमान आणि दीर नोकरीला मुंबईत. सासऱ्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, वय ६६. पान-तंबाखूपायी तोंडाचा कॅन्सर झाला. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) झाले, यंदा तो परत उलटला. मुंबईच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं इंजेक्शन लहान मात्रेत आणि सोबत घरी घ्यायच्या तीन प्रकारच्या गोळ्या सुरू केल्या. चार इंजेक्शनं झाली. गाठ उतरली, तात्या पेज नीट गिळायला लागले. आम्हाला वाटलं, सुटलो.

आषाढात त्यांच्या पोटऱ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंग जरा कसकसत होतं. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर प्लेटलेट १४ हजार. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली, पण "साथ आहे, डेंग्यूच असणार, टेस्ट लवकर झाली असेल" असं ते म्हणाले. कॅन्सरचं आम्ही सांगितलं, इंजेक्शनचं सांगायचं सुचलंच नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या, "पपयेच्या पानांचो रस दी गो, प्लेटलेट वाढतले." चार दिवस दिला. तात्यांचं आपलं एकच, "माका काय जाला नाय." पाचव्या दिवशी शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि ते पडवीत चक्कर येऊन पडले. घाट चढून मोठ्या रुग्णालयात नेलं तेव्हा प्लेटलेट ६ हजार आणि हिमोग्लोबिन ७.८. कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला. इम्युनोथेरपीमुळे शरीरच आपले प्लेटलेट मारतंय, असं निदान झालं. रक्त चढवलं, आयव्हीआयजी नावाचं महागडं औषध शिरेतून दिलं आणि स्टिरॉइड सुरू केलं. आता घरी आहेत. प्लेटलेट ९२ हजार, स्टिरॉइड रोज ४० मिलिग्रॅम.

माझे प्रश्न. ते चार दिवस माझ्यामुळे वाया गेले का? इम्युनोथेरपीला साइड इफेक्ट नसतात असं ऐकलं होतं, मग हे काय? दीर म्हणतात ते इंजेक्शन पुन्हा नकोच, तात्या म्हणतात हवंच. साखर वाढली म्हणून तात्या स्टिरॉइड सोडायचं म्हणतात. शेजारी गुळवेलीचा काढा द्या म्हणतात. आणि गणपती तीन आठवड्यांवर आलेत, घरात पंचवीस माणसं होतील. मी काय काय सांभाळू?

एक सून, देवगड तालुका

उत्तर

सूनबाई,

माझी धाकटी लेक तुझ्याच वयाची असेल, म्हणून तुला 'तू' म्हणते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पहिलं. चार दिवस वाया गेले, हो. तुला बरं वाटावं म्हणून उगाच 'नाही' म्हणणार नाही. त्या चार दिवसांत आतून रक्त झिरपत राहिलं आणि हिमोग्लोबिन खाली आलं. पण ते तुझ्यामुळे गेले असं मात्र मी म्हणणार नाही. मी पॅथॉलॉजिस्ट. ३१ पावसाळे मायक्रोस्कोपला डोळा लावून काढले. आपल्याकडे आषाढ-श्रावणात प्लेटलेट कमी आले की आधी डेंग्यू, मग मलेरिया, मग लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हीच नावं डॉक्टरांच्या तोंडी येतात, आणि बहुतेक वेळा ती बरोबरच असतात. दोडामार्गाकडे २०१६ पासून माकडताप आहे, त्यातही प्लेटलेट उतरतात. तुमच्या डॉक्टरांनी जो अंदाज बांधला तो गावातल्या कोणत्याही दुसऱ्या म्हाताऱ्याच्या बाबतीत खरा ठरला असता. तुम्हा दोघांच्या मध्ये एक वाक्य राहून गेलं, एवढंच: "यांना इम्युनोथेरपी चालू आहे." ते वाक्य सांगायचं असतं हे तुला कुणी सांगितलं होतं का? मुंबईत कुणी पानभर लिहून दिलं होतं का? नसेल, तर चूक मोजताना वाटेकरी बरेच निघतील.

आता, "इम्युनोथेरपीला साइड इफेक्ट नसतात" हे वाक्य. माझ्याही कानावर ते पुष्कळदा आलंय आणि दर वेळी मला राग येतो. कीमोसारखे केस जात नाहीत, ओकाऱ्या होत नाहीत, यावरून ते निघालं असावं. हिचे दुष्परिणाम निराळे आहेत. बऱ्याच जणांना ते होत नाहीत, आणि ज्याला होतात त्याला ते भलत्याच अवयवात, भलत्याच वेळी होतात.

तुझ्याकडे पावसाआधी राब भाजतात ना? तरवा पेरायच्या तुकड्यावर कवळं, पाला, गवत पसरायचं आणि पेटवायचं. तण मरतं, किडे मरतात. पण शहाणा शेतकरी आधी सभोवारचं गवत खरवडून मातीची पट्टी मोकळी करतो, नाहीतर ठिणगी शेजारच्या कलमांत जाते आणि पंधरा वर्षं जोपासलेला हापूस तासाभरात करपतो. आपल्या शरीरातल्या टी-पेशी म्हणजे असा विस्तव. त्या जंतूंना जाळतात, बिघडलेल्या पेशींना जाळतात. त्यांनी आपलंच घर जाळू नये म्हणून निसर्गाने पट्ट्या मोकळ्या ठेवल्यात. त्यातली एक पीडी-१. जपानात क्योटोला तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत ती १९९२ मध्ये सापडली. दुसरी सीटीएलए-४, तिच्यावर अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी काम केलं. २०१८ चं वैद्यकाचं नोबेल दोघांना मिळून मिळालं. कॅन्सर लबाड असतो, तो त्या पट्टीच्या पलीकडे जाऊन बसतो. निवोलुमॅब ती पट्टी काढून टाकतं, मग विस्तव कॅन्सरपर्यंत पोचतो. तात्यांची गाठ उतरली ती अशी. आणि त्याच विस्तवाची ठिणगी उडाली ती त्यांच्या प्लेटलेटांवर.

म्हणजे औषध चुकलं नव्हतं. औषधाने जे करायचं तेच केलं, फक्त कुंपणाबाहेर जाऊन केलं.

हे किती जणांना होतं? त्वचेवर पुरळ, जुलाब, थायरॉइडची गडबड हे नेहमीचे. रक्तावरचे परिणाम दुर्मीळ, त्यातले गंभीर तर साधारण शंभरात एकालाही होत नाहीत. म्हणूनच ते ओळखायला उशीर होतो. पुष्कळ डॉक्टरांना उभ्या आयुष्यात असा रुग्ण भेटत नाही. "मात्रा लहान आहे, मग कसं झालं?" असंही तुझ्या मनात आलं असेल. ही लहान मात्रा आपल्याच टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तपासून दाखवलेली आहे. नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, गोळ्यांच्या जोडीने. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभराने सुमारे १६ टक्के हयात होते, इंजेक्शन जोडलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. ज्या घराला पूर्ण मात्रेचं औषध जन्मात परवडलं नसतं, त्या घरासाठी हा फार मोठा आधार आहे. पण पट्टी थोड्या औषधानेही पुसली जाते. गाठ उतरवण्याइतकं औषध पोचलं, तर ठिणगी उडण्याइतकंही पोचलं.

प्लेटलेट नेमके कसे गेले ते समजून घे, कारण त्यावरून उपचार कळतो. कीमोत प्लेटलेट उतरतात तेव्हा बहुधा मगजातला कारखाना मंदावलेला असतो. तात्यांच्या मगजात कारखाना जोरात चालू असणार. प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी तिथे भरपूर दिसल्या असतील, रिपोर्ट काढून बघ. माल तयार होत होता, पण बाहेर पडल्यावर वाटेतच, मुख्यतः प्लीहेत, मारला जात होता. अशा वेळी प्लेटलेटच्या पिशव्या चढवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. रक्त वाहत असेल तर तेवढ्यापुरत्या चढवाव्या लागतात, पण मूळ मारामारी थांबवायला स्टिरॉइड लागतं, आयव्हीआयजी लागतं, तेवढ्याने भागलं नाही तर रिटुक्सिमॅब किंवा एल्ट्रोम्बोपॅग. पपईच्या पानांचा रस या मारामारीत काही करू शकत नव्हता. डेंग्यूत तो दिल्यावर आकडा थोडा लवकर चढल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे काकींना दोष देऊ नकोस, त्यांनी त्यांच्या माहितीतलं दिलं. माझा आक्षेप रसाला नाही, रस चालू असताना जी वाट बघितली जाते तिला आहे.

इथे थोडं माझ्या धंद्यातलं. पुन्हा कधी एकाएकी खूप कमी आकडा आला आणि तात्या ठणठणीत दिसत असले, तर लॅबवाल्याला स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, बघायला सांग. काही लोकांच्या रक्तात जांभळ्या बुचाच्या बाटलीत प्लेटलेटांचे पुंजके होतात आणि मशीन पुंजक्याला एक धरून मोजतं. काचपट्टीवर डोळ्यांनी बघितलं की कळतं, निळ्या बुचाच्या बाटलीत परत घेतलं की खरा आकडा येतो. अशा खोट्या आकड्यापायी लोकांना रात्रीच्या गाडीने मुंबईला पळताना मी पाहिलंय. पण अंगावर ठिपके आणि हिरड्यांतून रक्त असेल तर आकडा खराच समजायचा, आणि स्मिअरची वाट बघत बसायचं नाही.

आता गोळ्यांकडे येते, कारण पत्रातल्या "तीन प्रकारच्या गोळ्या" या शब्दांपाशी मी अडखळले. बरोबर ओळखत असेन तर त्यातली एक मेथोट्रेक्सेट आहे, आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदाच. रोज नाही. चुकून रोज घेतली जाणं ही फार जुनी आणि जीवघेणी चूक आहे. त्यात तोंड सोलवटतं आणि पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हिमोग्लोबिन तिन्ही कोसळतात, कारण कारखानाच बंद पडतो. तात्यांचं तसं झालेलं दिसत नाही, मगजाच्या तपासणीनेच ते सांगितलंय. तरी रिकाम्या पट्ट्या मोजून बघ, आणि डॉक्टरांनी ती पुन्हा सुरू केली तर कालनिर्णयवर ठरलेल्या वारी लाल पेनने गोल करून ठेव. स्टिरॉइड बरेच आठवडे चालणार असेल तर फुफ्फुसाच्या एका जंतुसंसर्गापासून बचाव म्हणून को-ट्रायमोक्साझोल देतात. ती गोळी आणि मेथोट्रेक्सेट एकत्र आल्या तर मगजावर घाला पडतो. म्हणून कुणीही नवी गोळी लिहिली की आधी सगळ्या जुन्या पट्ट्या त्याच्यापुढे टेबलावर मांड. लाज वाटून घेऊ नकोस. पिशवी उपडी करणारे रुग्ण मला सगळ्यात हुशार वाटत आलेत.

दिरांचा आणि तात्यांचा वाद. इंजेक्शन पुन्हा द्यायचं की नाही, हे कॅन्सरचे आणि रक्ताचे डॉक्टर मिळून ठरवतील, मी इथून सांगणं बरं नाही. पण बोलणं काय होईल याची कल्पना देते. प्लेटलेट ६ हजारांवर जाऊन रक्तस्राव झाला, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणी. एवढं झाल्यावर बरेच डॉक्टर ते औषध कायमचं थांबवतात. काही निवडक रुग्णांना, सगळं पूर्ववत झाल्यावर, डोळ्यांत तेल घालून पुन्हा दिलं जातं, आणि त्यातल्या काहींना तोच त्रास परत होतो. तात्यांना "हवंच" का वाटतं ते मला कळतं. ज्या औषधाने पेज गिळता आली ते सोडायचं म्हणजे हातातला दोर सोडायचा. त्यांना हे जरूर सांग: इंजेक्शन थांबलं म्हणजे काम त्याच दिवशी थांबतं असं नाही. रक्तातलं हे औषध निम्मं व्हायलाच सुमारे २५ दिवस लागतात, आणि पेशींवर बसलेलं तर कित्येक आठवडे उठत नाही. दुष्परिणामामुळे औषध सोडावं लागलेल्या अनेक रुग्णांत गाठ पुढेही दबलेली राहते. दुष्परिणामावर दिलेलं स्टिरॉइड औषधाचं सगळं केलेलं धुऊन टाकतं, असंही दिसलेलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांना एवढंच विचारायचं, "आता नुसती नजर ठेवायची की दुसरं काही सुरू करायचं?" दिरांना आणि तात्यांना एकाच वेळी त्यांच्यासमोर बसव. घरी भांडून हा प्रश्न सुटणार नाही. आणि आजार उलटून आलेला आहे हे विसरू नका. पुढच्या महिन्यांत तात्यांना काय हवंय, हे त्यांनाच विचारायची हीच वेळ आहे.

औषध इतके दिवस अंगात राहतं, याची दुसरी बाजू तुझ्यासाठी जास्त महत्त्वाची. त्रास बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतो, तात्यांचा तसाच झाला. पण शेवटच्या इंजेक्शननंतर काही महिन्यांनीही होऊ शकतो. "इंजेक्शन बंद होऊन तीन महिने झाले, आता त्याचा काय संबंध" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस.

आणि पुढची ठिणगी प्लेटलेटांवरच पडेल असंही नाही. कधी ती तांबड्या पेशींवर पडते. लघवी कोकमाच्या आगळासारखी काळपट लाल, डोळे पिवळे, चार पायऱ्या चढताना धाप. आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की कावीळ म्हणायची आणि गावठी औषधाला न्यायचं, ही जुनी खोड. तात्यांना न्यायचं नाही. डॉक्टरांना हिमोग्लोबिन, बिलिरुबिन, एलडीएच आणि कूम्ब्स टेस्ट करायला सांगायचं. कधी पांढऱ्या पेशी जातात, मग साधा ताप काही तासांत रक्तात विष पसरवतो. कधी तिन्ही एकदम जातात. एक प्रकार फार क्रूर आहे: ताप कशानेच उतरत नाही, तिन्ही पेशी घसरतात, फेरिटिन हजारोंत जातं, प्रतिकारशक्ती पिसाळल्यासारखी होते. तो क्वचित होतो, पण त्यात तालुक्याला तासभरही घालवायचा नसतो. आणखी एक फसवा प्रकार म्हणजे प्लेटलेट अगदी बरोबर, तरीही मांडीवर हाताएवढे काळेनिळे डाग. त्यात रक्त गोठवणारा एक घटक मारला जातो, तो सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत, दिसत नाही, एपीटीटी नावाची रक्त गोठण्याची टेस्ट करावी लागते. ही नावं पाठ करू नकोस. ताप, पिवळेपणा, काळी लघवी, काळी शौच, नवे डाग, धाप, किंवा उलटीसकट जोरात डोकेदुखी, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी सीबीसी, आणि डोकेदुखी किंवा वाहतं रक्त असेल तर सीबीसीसाठीही न थांबता थेट रुग्णालय.

याचा अर्थ डेंग्यू-लेप्टोच्या टेस्ट करायच्याच नाहीत असा घेऊ नकोस. तात्या मळ्यात अनवाणी जातात ना? स्टिरॉइडवर असताना लेप्टो त्यांना इतरांपेक्षा सोपं सावज समजेल. ताप आला तर दोन्हीकडे बघावं लागेल, एकाच वेळी. आणि स्टिरॉइड ताप दाबून ठेवतं, त्यामुळे थर्मामीटरवर १००.४ दिसेपर्यंत थांबायचं कारण नाही. अंगात हीव भरलं, माणूस मलूल झाला, जेवण टाकलं, एवढं पुरे.

आता ते चुकलेलं वाक्य कायमचं कुठे ठेवायचं ते सांगते. जाड पुठ्ठ्यावर डिस्चार्ज कार्डावरून औषधाचं नाव जसंच्या तसं उतरव, शेवटच्या इंजेक्शनची तारीख घाल, "प्लेटलेट ६ हजार झाले होते, कारण इम्युनोथेरपी, सध्या स्टिरॉइड चालू, एकदम बंद करू नये" असं लिही, आणि खाली मुंबईच्या वॉर्डाचा आणि घाटावरच्या डॉक्टरांचा फोन. एक तात्यांच्या खिशात, एक तुझ्या मोबाइलच्या कव्हरमध्ये, एक देव्हाऱ्याजवळ. दवाखान्यात शिरल्यावर नाव सांगायच्या आधी ते पुढे करायचं. तालुक्याच्या डॉक्टरांकडे आजच जाऊन एक प्रत देऊन ये. त्यांच्यावर रागावली असशील तर तो राग घरी ठेवून जा. रात्री दोन वाजता तुझ्या हाकेला तेच येणार आहेत, आणि तात्यांमुळे त्यांना हा आजार आता माहीत झालाय. सबंध तालुक्यात तेवढं माहीत असलेले कदाचित ते एकटेच असतील.

रस्त्याचंही आत्ताच ठरवा. करूळ किंवा फोंडा घाटात दरड आली तर कुठे जायचं? ओरोसचं जिल्हा रुग्णालय की खाली बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज? १०८ ला फोन कुणी करायचा, गाडी कुणाची, तात्यांचा रक्तगट कुणाला माहीत आहे? हे कोरड्या दिवशी ठरवून ठेवलं की पावसात डोकं शांत राहतं.

स्टिरॉइड. तात्यांना माझ्या नावाने दम दे. ते एकदम सोडायचं नाही, कितीही साखर वाढली तरी. वणवा हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवला तरी पाल्याखाली निखारा राहतो, दोन दिवसांनी वारा सुटला की परत धूर. स्टिरॉइड हळूहळू, चार-सहा आठवडे किंवा त्याहून जास्त काळ कमी करत न्यायचं ते यासाठी. शिवाय इतके दिवस बाहेरून मिळाल्यावर शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. एकाएकी तोडलं तर रक्तदाब कोसळतो. साखरेवर इलाज आहे: ग्लुकोमीटर आण, सकाळची आणि दुपारच्या जेवणानंतरची लिहून ठेव (स्टिरॉइडची साखर दुपारनंतर चढते, नुसती उपाशीपोटीची बघून फसगत होते), आणि आकडे डॉक्टरांना पाठव. गोळी सकाळी, पोटात काही घालून. रात्री झोप लागत नसेल, चिडचिड वाढली असेल, तर तो स्वभाव बदललेला नाही, गोळीचा गुण आहे. सासूबाईंनाही हे सांग, त्या बिचाऱ्या ऐकून घेत असतील.

मात्रा दर वेळी उतरली की आठवड्याने सीबीसी. आकडा ५० हजारांखाली आला तर त्याच दिवशी फोन, २० हजारांखाली आला किंवा कुठूनही रक्त आलं तर फोन गाडीत बसल्यावर. तात्यांच्या डॉक्टरांनी याहून वेगळे आकडे सांगितले तर त्यांचे खरे. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन नको, अ‍ॅस्पिरिन विचारल्याशिवाय नको. "एक सुई मारून घेतो" म्हणून कमरेत इंजेक्शन तर अजिबात नको, आकडा कमी असेल तर आत रक्ताचा गोळा होतो.

गुळवेल नको. हे मी आयुर्वेदाच्या वैरापोटी म्हणत नाही, माझ्याच परसात ती आंब्यावर चढलेली आहे. पण "प्रतिकारशक्ती वाढवते" म्हणूनच ती देतात ना? तात्यांची प्रतिकारशक्ती कमी पडली नव्हती, जास्त झाली होती. विझत आलेल्या राबावर रॉकेल कोण ओततं? त्यातून २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले काही रुग्ण नोंदवले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांत शरीरच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. तो वाद त्यांचा ते बघतील, तात्यांच्या पेल्यात तो नको. शेजाऱ्यांना "डॉक्टरबाईंनी मना केलाय" म्हण, माझ्यावर ढकल.

राहिले गणपती. माणसं येऊ देत. मुंबईचा मुलगा आणि नातवंडं बघून तात्यांचं जे भलं होईल ते माझ्या कुठल्या टेस्टमध्ये दिसायचं नाही. फक्त सर्दी-खोकल्याचं पोर मांडीवर नको, आणि कांजिण्या आलेलं मूल तर घरातच नको. तात्यांची खाट माजघरातल्या गर्दीतून काढून खिडकीच्या खोलीत लाव. आरतीला दाराशी खुर्चीवर बसू देत. मोदक एक चालेल, त्या दिवशीची साखर बघून दुसरा. दाढी इलेक्ट्रिक मशीनने, ब्रश मऊ, आणि मळ्यात जायचंच असेल तर गमबूट घालून, कोयती दुसऱ्याच्या हातात.

गणपतीच्या डोक्यावरची माटवी तात्याच बांधतात, असं तू पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंयस आणि पुढे काही विचारलं नाहीस. ९२ हजारांवर हाताने कांगळं, शेरवडं, नारळ बांधायला काही हरकत नाही. स्टुलावर चढायचं नाही. स्टिरॉइडने मांड्यांतली ताकद जाते, तोल जातो, आणि पडले तर रक्त आत साठेल. तात्यांनी खाली बसून गाठी मारायच्या आणि हुकूम सोडायचे, वर दीर चढतील. सीबीसी मात्र गणपतीच्या आदल्या आठवड्यातच उरकून घे. चतुर्थीपासून आपल्याकडे लॅब उघडी सापडायची नाही.